वाघिणीचेही डोके दुखते

गेल्या वर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर आमच्या संस्थेचा स्टॉल होता. अर्ध्या टेबलावर पुस्तके, अर्ध्या टेबलावर प्रथमोपचार. पहाटे पाचपासून आम्ही उभे होतो. ऑक्टोबरचे ऊन, चारही बाजूंनी भोंगे, डोळ्यांवर येणारे हॅलोजन आणि पोटात सकाळचा एक कप चहा. दुपारी दोनच्या सुमारास डाव्या डोळ्याच्या मागे ओळखीचा ठोका सुरू झाला. तो काय आहे हे आम्हाला माहीत होते. पाळीची तारीख दुसऱ्या दिवशीची होती.

अडीच वाजता आम्ही टेबलाखाली, पुस्तकांच्या खोक्यांच्या मध्ये, डोळ्यांवर निळी ओढणी बांधून आडव्या झालो होतो. वर यवतमाळकडून आलेली एक बाई विचारत होती, "बाई, डोकेदुखीची गोळी आहे का? लेकीले दर महिन्याले असंच होते." प्रथमोपचार देणारी टेबलाखाली पडली होती आणि गोळी मागणारी टेबलासमोर उभी होती. तेवढ्यात आमचा एक तरुण कार्यकर्ता वाकून हसत म्हणाला, "ताई, उठा! भीमाच्या वाघिणीचं डोकं दुखत नसते."

सगळे हसले. आम्हीही हसलो. मग कॅरीबॅगमध्ये उलटी केली.

तो मुलगा वाईट नाही. बोलला तेही प्रेमानेच बोलला. पण त्याचे ते वाक्य वर्षभर डोक्यातून गेले नाही. हा लेख त्या वाक्याला उत्तर आहे. आणि तो फक्त त्याच्यासाठी नाही. हे वाक्य पंधरा वर्षे आम्ही स्वतःच स्वतःला ऐकवत आलो, म्हणून तो आमच्यासाठीही आहे.

एक खुलासा आधीच करतो. या लेखात 'मी' नाही, 'आम्ही' आहे. दुखणे आमच्या डोक्यातले असले तरी ते लपवण्याची रीत आमच्या एकटीची नाही. ती आईकडून आली, वस्तीतून आली, चळवळीतूनही आली. म्हणून 'आम्ही'.

आता दुखण्याबद्दल सरळ बोलू. आपल्याकडे याला अर्धशिशी म्हणतात. डॉक्टर मायग्रेन म्हणतात. आमचा प्रकार पाळीशी जोडलेला आहे. मासिक चक्रात इस्ट्रोजेन नावाचे संप्रेरक वर-खाली होत असते आणि पाळी येण्याच्या आधी ते झपाट्याने खाली येते. ज्यांच्या मेंदूत मुळातच मायग्रेनची प्रवृत्ती असते (ती बहुतेक वेळा घराण्यातून येते) त्यांना या घसरणीने झटका येऊ शकतो. त्यातच पाळीच्या सुरुवातीला शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये वाढतात. पोटात कळा येतात त्या याच द्रव्यांमुळे, आणि डोके दुखण्यातही त्यांचा वाटा असतो. पाळी सुरू होण्याच्या दोन दिवस आधीपासून पाळीच्या तिसऱ्या दिवसापर्यंतच्या काळात, तीनपैकी किमान दोन महिने झटका येत असेल, तर त्याला पाळीशी संबंधित मायग्रेन म्हणतात. लहानपणी मुलगे आणि मुली यांच्यात मायग्रेनचे प्रमाण जवळजवळ सारखे असते. वयात आल्यावर मात्र स्त्रियांत ते पुरुषांच्या दोन ते तीन पट होते. म्हणजे हा स्वभावाचा दोष नाही. नखरा नाही. 'टेन्शन घेण्याची सवय' नाही.

आमचा झटका आदल्या दिवशीच चाहूल देतो. जांभया येत राहतात, मान आखडते, कारण नसताना चिडचिड होते, गोड खावेसे वाटते. मग एका बाजूने ठोके. उजेड सहन होत नाही, आवाज सहन होत नाही, शेजारच्या घरातली लसणाची फोडणी सहन होत नाही. जिना चढला की ठोका वाढतो. उलटी होते. हे कधी एक दिवस, कधी तीन दिवस. संपल्यावरही एक दिवस डोके रिकाम्या मडक्यासारखे होते, बोललेले शब्द आत घुमतात पण अर्थ लागत नाही. महिन्यातले चार-पाच दिवस असे. वर्षाचे किती झाले ते तुम्हीच मोजा.

हे आम्हाला आज कळते. तेव्हा काय कळत होते?

पहिला झटका दहावीच्या वर्षी आला. घरात सगळ्यांनी एकमताने ठरवले, पित्त आहे. डोके दुखते, उलटी होते, उलटी झाल्यावर जरा बरे वाटते, म्हणजे पित्तच. सकाळी घशात बोटे घालून पित्त काढायला शिकवले. सुंठ उगाळून कपाळावर लेप लावला. ओढणीने डोके करकचून आवळले. एका नातेवाईक बाईने दृष्ट काढायला सांगितली, तेव्हा आजी तिच्यावर कडाडली होती. आजीने १९५६ साली दीक्षा घेतलेली. घरातले देव तिने स्वतःच्या हाताने बाहेर काढले होते. पाळीत बाहेर बसणे तिने तिच्या सुनांसाठी बंद केले होते. अंगारे-धुपारे, देवऋषी, अंगात येणे, यातले काही आमच्या घरात शिरू शकले नाही. या गोष्टीसाठी आम्ही तिचे जन्मभर ऋणी आहोत.

पण एक गोष्ट आजीच्याही हातून राहून गेली. बाहेर बसणे गेले, पण बोलणे आले नाही. पाळीला 'अडचण' म्हणणे तसेच राहिले. आजही आमच्या वस्तीतल्या विहारात पाळीच्या दिवसांत मेणबत्ती लावायला पुढे न येणाऱ्या बाया आहेत. कोणी त्यांना अडवत नाही, त्या स्वतःच मागे बसतात. विटाळ तोंडाने नाकारला, पण तो मौनात टिकून राहिला. आणि ज्या दुखण्याचे कारण पाळीत आहे, त्या दुखण्याचा शोध मौनात कसा लागणार?

डॉक्टरांकडेही गेलो. एकाने चष्मा दिला. एकाने सायनस सांगितला. एकाने आमचे वय विचारले, लग्न झाले का विचारले, आणि म्हणाले, "लग्न झाल्यावर हे सगळं बरं होतं." समाजशास्त्रात एम.ए. करत असताना लिंगभाव या विषयावर आम्ही निबंध लिहीत होतो. त्या माणसासमोर मात्र मान हलवून, फी देऊन बाहेर आलो. पंधरा वर्षांत एकाही डॉक्टरने पाळीची तारीख विचारली नाही. आम्हीही सांगितली नाही.

का सांगितली नाही? इथे आम्हाला फक्त स्त्री म्हणून बोलून चालणार नाही.

आमच्या घरात कॉलेजात गेलेली पहिली मुलगी आम्ही. वर्गात पहिल्याच आठवड्यात कळले की आमच्याकडे बघणारे आधी आमची फी-सवलतीची यादी बघतात. एखादा तास बुडाला तर सवर्ण मैत्रिणीला "तब्येत बरी नव्हती का?" असे विचारले जायचे. आम्हाला "ह्यांना सगळं फुकट मिळतं, मग कशाला येतील" हे ऐकू यायचे. तेव्हापासून ठरवले, एकही तास बुडवायचा नाही. एकही रजा घ्यायची नाही. पुढे नोकरीतही तेच. आरक्षणाचा शिक्का ज्याच्या कपाळावर आधीच मारलेला असतो, त्याला आजारी पडण्याची मुभा नसते. त्याच्या आजाराला आळस म्हणतात. तो आळस त्याच्या एकट्याचा राहत नाही, अख्ख्या जातीचा ठरतो. डोक्यात घण पडत असताना आम्ही परीक्षेचे पेपर लिहिले, सर्वेक्षणे केली, ४५ अंशांच्या उन्हात मे महिन्यात वस्त्या पालथ्या घातल्या, आणि त्याला स्वाभिमान म्हटले.

तो स्वाभिमान होता का? आज वाटते, अर्धा होता. अर्धी भीती होती.

या भीतीने काय केले तेही सांगतो. पर्समध्ये कायम गोळ्यांची पट्टी. दुखले की एक, दुखेल असे वाटले की एक, सभा आहे म्हणून एक. महिन्याला वीस-बावीस गोळ्या होऊ लागल्या. मग डोके पाळीच्या आधीच नाही तर एरवीही दुखू लागले. गोळी घेतली की चार तास बरे, पुन्हा दुखणे, पुन्हा गोळी. वेदनाशामक अति घेतल्यानेच होणारी डोकेदुखी असते हे आम्हाला ठाऊक नव्हते. साधी वेदनाशामके महिन्यात पंधरा किंवा त्याहून अधिक दिवस, आणि मिश्र गोळ्या किंवा मायग्रेनच्या खास गोळ्या दहा किंवा त्याहून अधिक दिवस, अशा तीन महिन्यांहून जास्त काळ घेतल्या तर औषधच आजार होऊन बसते. आमचे तसेच झाले होते.

शेवटी एका सरकारी रुग्णालयाच्या मेंदूविकार विभागात गेलो. चार तास रांग. समोर बसलेली डॉक्टर मुलगी आमच्याहून वयाने लहान. तिने पहिला प्रश्न विचारला, "शेवटची पाळी कधी आली होती? आणि त्या आधीचं डोकं कधी दुखलं?" आम्ही सांगू शकलो नाही. तिने एवढेच सांगितले, तीन महिने लिहून काढा.

घरातल्या दिनदर्शिकेवर आई दुधाचा हिशेब लिहायची. त्याच चौकोनांत आम्ही पाळीचा लाल गोल आणि डोकेदुखीची निळी फुली करू लागलो. शेजारी त्या दिवशी काय खाल्ले, किती झोप झाली, किती गोळ्या घेतल्या. तीन महिन्यांनी ते पान भिंतीवरून काढून टेबलावर ठेवले तेव्हा कोणी समजावून सांगायची गरज उरली नाही. निळ्या फुल्या लाल गोलाला चिकटून बसल्या होत्या. ज्या महिन्यात सभा-मोर्चे जास्त, जेवण उशिरा आणि झोप कमी, त्या महिन्यात फुल्या जास्त. पंधरा वर्षांचे भूत एका कागदावर पकडले गेले.

दुःखाला कारण असते आणि ते शोधता येते, हे आम्ही विहारात लहानपणापासून ऐकत आलो. पण स्वतःच्या डोक्याला ते कधी लावले नव्हते. उलट विहारातच एका वयस्कर उपासकाने आम्हाला सांगितले होते, "भोग आहेत, मागच्या जन्माचे." मागच्या जन्माच्या कर्माने या जन्माचे दुःख ठरते ही कल्पना बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात नाकारली. का नाकारली, हे त्या दिनदर्शिकेसमोर बसल्यावर नीट कळले. कारण मागच्या जन्मात ठेवले की या जन्मात कोणालाच काही करावे लागत नाही. डॉक्टरला नाही, ठेकेदाराला नाही, सरकारला नाही, कार्यकर्त्यालाही नाही.

उपचार काय झाले? आधी त्या रोजच्या गोळ्या बंद केल्या. ते दोन आठवडे नरक होते, हे लपवत नाही. मग डॉक्टरांनी पाळीच्या अपेक्षित तारखेच्या दोन दिवस आधीपासून पाच-सहा दिवस जेवणानंतर घ्यायचे नॅप्रॉक्सेन दिले, म्हणजे झटका येण्याआधीच त्याला अडवायचे. तरीही आला तर ट्रिप्टान गटातली गोळी, दुखणे सुरू झाल्याबरोबर घ्यायची, सहन करून करून शेवटी नाही. उलटीसाठी वेगळी गोळी. ट्रिप्टान त्या दिवशी रुग्णालयाच्या औषध खिडकीवर नव्हती, बाहेरून घ्यावी लागली. आमचा पगार आहे म्हणून घेतली. बाकीचे उपाय फुकटाचे होते आणि तेच सगळ्यात कठीण गेले: उपाशी न राहणे, पाणी पिणे, रोज साधारण एकाच वेळी झोपणे, आणि "आज मला येता येणार नाही" हे वाक्य मोठ्याने म्हणणे. आजार गेलेला नाही. तो आमच्याबरोबर आहे. पण महिन्यातले पाच दिवस आता दीड-दोन झाले आहेत.

हे वाचून कोणी औषध दुकानातून परस्पर गोळ्या आणू नयेत. नॅप्रॉक्सेनसारख्या गोळ्या पोटात व्रण असलेल्यांना आणि मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांना घातक ठरू शकतात, ट्रिप्टान हृदयविकार असलेल्यांना चालत नाही, गरोदरपणात तर विचारल्याशिवाय काहीच नाही. ज्यांना डोके दुखण्याआधी डोळ्यांसमोर चमकत्या नागमोडी रेषा दिसतात किंवा हात-तोंड बधिर होते, त्यांनी इस्ट्रोजेन असलेली गर्भनिरोधक गोळी सुरू करण्याआधी हे डॉक्टरांना सांगितलेच पाहिजे, कारण त्यांच्यात पक्षाघाताचा धोका वाढतो. आणि डोके अचानक, क्षणात, आयुष्यात कधी नव्हे इतके दुखले, ताप येऊन मान ताठरली, एका बाजूची शक्ती गेली, बोलणे अडखळले, तर ती अर्धशिशी समजून घरी पडून राहू नका. तातडीने रुग्णालय गाठा.

आता आमच्या आईबद्दल. हा भाग लिहिताना सर्वात जास्त वेळ गेला.

आईलाही हेच दुखणे. ती विड्या वळायची. डोक्याला फडके बांधून, डोळे अर्धे मिटून, सुपावर वाकून वळायची, कारण हजाराचा हिशेब पुरा झाल्याशिवाय पैसे मिळत नसत. ती चौतीस वर्षांची असताना एका खासगी दवाखान्यातल्या डॉक्टरने तिला सांगितले, पाळीमुळे डोकं दुखतं ना, मग पिशवीच काढून टाकू, कटकट संपेल. दोन मुले झालीच होती. कर्ज काढून ऑपरेशन झाले. गर्भाशयाबरोबर अंडाशयेही काढली, हे तिला कोणी सांगितले नाही. आम्हाला ते कळले वीस वर्षांनी, जुन्या कागदांत. ऑपरेशननंतर तिचे डोके थांबले नाही. वाढले. अंडाशये काढली की इस्ट्रोजेन एकदम कोसळते, आणि ज्या मेंदूला त्याची घसरणच सोसत नाही त्याचे दुखणे अशा वेळी वाढू शकते. नुसते गर्भाशय काढले आणि अंडाशये ठेवली तरी संप्रेरकांचे चक्र चालूच राहते. मायग्रेनवर गर्भाशय काढणे हा उपाय नाही. चौतीस वर्षांच्या बाईला अंगात आग, हाडांत दुखणे आणि डोके पूर्वीपेक्षा जास्त, असे देऊन त्या ऑपरेशनने आमच्या घरावर तीन वर्षांचे कर्ज ठेवले.

आईने त्या डॉक्टरला कधी दोष दिला नाही. ती म्हणायची, "माहंच डोकं खराब."

हे आमच्या घरापुरते आहे असे समजू नका. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची बातमी देशभर गाजली. २०१९ मध्ये राज्य सरकारने नेमलेल्या समितीने ८२ हजारांहून अधिक ऊसतोड स्त्रियांची माहिती घेतली, त्यांतल्या १३ हजारांहून अधिक स्त्रियांचे गर्भाशय काढलेले निघाले. तिथे कारण पाळी हेच, पण त्यामागचे कारण खाडा. एक दिवस कोयता थांबला की मजुरी जाते आणि वर दंड बसतो. मग बाई हिशेब करते, दर महिन्याचा खाडा परवडत नाही, पिशवी गेलेली परवडते. ऊसतोडीत दलित, भटके-विमुक्त, आदिवासी बायाच जास्त का, हे वाचकांना सांगायला नको.

दोन वर्षांपूर्वी आमच्या वस्तीतली एक सफाई कामगार बाई हेच घेऊन आमच्यासमोर बसली. वय एकतीस. ठेकेदाराकडे काम. पाळीच्या आधी डोके फुटते, उन्हात झाडू मारताना उलट्या होतात, खाडा झाला की हजेरी कापली जाते. तिलाही एका दवाखान्यात पिशवी काढायचा सल्ला मिळाला होता. पैशांची जुळवाजुळव झाली होती, तारीख ठरली होती. ती आमच्याकडे फक्त मदतनिधीचा अर्ज लिहून घ्यायला आली होती.

त्या क्षणी आमच्यासमोर दोन रस्ते होते. अर्ज लिहून देणे, जे आमचे काम. किंवा आमची स्वतःची दिनदर्शिका काढून तिच्यासमोर ठेवणे. पहिल्या रस्त्यावर आम्ही समाजसेविका राहिलो असतो. दुसऱ्यावर आम्हाला आमची पाळी, आमच्या उलट्या, आमच्या वीस गोळ्या आणि आमची आई, सगळे टेबलावर मांडावे लागणार होते. आम्ही दुसरा रस्ता घेतला. खरे सांगतो, आवाज कापत होता. ती बाई बराच वेळ त्या लाल-निळ्या खुणा बघत राहिली आणि म्हणाली, "ताई, तुमालेही होते? मग तुमी सांगतलं काऊन नाही आतालोक?"

या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हते. आजही नाही.

ती ऑपरेशनची तारीख रद्द झाली. तिला घेऊन सरकारी रुग्णालयात गेलो, सोनोग्राफी झाली, गर्भाशयात काही दोष नव्हता. रक्त मात्र कमी निघाले. त्याचे आणि डोक्याचे दोन्ही उपचार सुरू झाले. तिचे डोके आता कमी दुखते. पण हजेरी अजून कापली जाते. औषधाने मेंदूचा प्रश्न सुटतो, ठेकेदाराचा सुटत नाही.

इथून पुढचे आमचे म्हणणे चळवळीला आहे.

पाळीच्या रजेवर आता देशात बोलले जाते. बिहारमध्ये सरकारी नोकरीतल्या स्त्रियांना महिन्याला दोन दिवसांची विशेष रजा १९९२ पासून आहे. केरळमध्ये २०२३ मध्ये विद्यापीठांतल्या विद्यार्थिनींना हजेरीत सवलत मिळाली. चांगलेच झाले. पण ही रजा कोणाला मिळते? जिच्याकडे नेमणुकीचे पत्र आहे तिला. झाडू, कोयता, विडी, धुणीभांडी यांना कसली रजा? आपल्या बहुसंख्य आया-बहिणी तिथेच आहेत. म्हणून हा प्रश्न शिकलेल्या बायकांचे लाड नाहीत. हा श्रमाचा प्रश्न आहे, आणि म्हणून तो आंबेडकरी प्रश्न आहे.

कोणाला हे ओढूनताणून आणलेले वाटत असेल तर इतिहास पाहा. १९२८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात कामगार स्त्रियांना बाळंतपणाचा लाभ देणारे विधेयक आले तेव्हा बाबासाहेबांनी त्याच्या बाजूने भाषण केले. बाईच्या शरीराला लागणारी विश्रांती ही तिच्या घरची खासगी बाब नाही, ती देशहिताची बाब आहे, अशी त्यांची भूमिका होती. आणि २० जुलै १९४२ रोजी, आमच्याच नागपुरात, सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित स्त्रियांची परिषद भरली. हजारो बाया आल्या होत्या. गिरण्यांत, विडी कारखान्यांत, नगरपालिकांत, रेल्वेत काम करणाऱ्या स्त्रियांना हक्काची रजा मिळावी असा ठराव त्या परिषदेने केला. विडी वळणाऱ्या बायांच्या रजेचा ठराव १९४२ साली! आमची आई त्यानंतर जन्मली आणि डोक्याला फडके बांधून विड्या वळतच म्हातारी झाली. त्या परिषदेतल्या बाया वाघिणी नव्हत्या का? होत्या. आणि त्या रजा मागत होत्या.

काही जण म्हणतील, बाबासाहेब स्वतः आजारी असताना अठरा-अठरा तास काम करत होते. हो, करत होते. मधुमेहाने आणि पायांच्या दुखण्याने ते बेजार होते. पण त्यांनी आजार लपवला नाही. औषधे घेतली, पथ्य पाळले, माईसाहेब स्वतः डॉक्टर होत्या आणि त्यांच्या प्रकृतीकडे त्या लक्ष देत होत्या. त्यांच्या कष्टांतून त्याग शिकायचा आणि उपचार मात्र विसरायचा, हे सोयीचे वाचन झाले. शिवाय बाबासाहेब झिजले ते आमच्या आईने फडके बांधून विड्या वळाव्यात म्हणून नव्हे.

तेव्हा आपल्या संघटनांकडे चार साध्या मागण्या.

पहिली, सभा आणि शिबिरे जेवणाच्या वेळा मारून आणि मध्यरात्रीपर्यंत घेऊ नका. उपाशीपोटी क्रांती होत नाही, अर्धशिशी होते. दुसरी, प्रत्येक कार्यक्रमात एक अंधारी, शांत, पाणी असलेली जागा ठेवा, एका पडद्याची आडोशाची चालेल. आणि जयंतीच्या मिरवणुकीत डीजेच्या भिंतीवर खर्च होणाऱ्या पैशाचा थोडा भाग आरोग्य शिबिराला द्या. तिसरी, वस्तीत पॅड वाटून पाळीचे काम झाले असे समजू नका. मुलींना तारखा लिहायला शिकवा, दुखण्याबद्दल विचारा, आणि पिशवी काढण्याचा सल्ला मिळालेल्या प्रत्येक बाईला दुसऱ्या डॉक्टरकडे घेऊन जा. चौथी, ठेक्यावरच्या सफाई कामगारांच्या मागण्यांत पगारी आजारपणाची रजा वरच्या क्रमांकावर घ्या. मागण्यांच्या यादीच्या शेवटी 'महिलांचे प्रश्न' म्हणून टाकू नका.

आणि बहिणींनो, तुमच्यासाठी एकच. लिहून काढा. भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर, वहीच्या मागच्या पानावर, कुठेही. लाल गोल, निळी फुली. तीन महिने. आपल्याला शतकानुशतके लिहू दिले नाही. आता लिहिता येते, तर स्वतःच्या दुखण्याची तारीख तरी लिहू या.

यंदा दीक्षाभूमीवर पुन्हा स्टॉल लागेल. मागच्या वेळी हसलेला तो कार्यकर्ता परवा घरी आला होता. त्याच्या धाकट्या बहिणीला दर महिन्याला डोके दुखून उलट्या होतात, घरात सगळे पित्त म्हणतात. तो आमच्याशी नजर न मिळवता म्हणाला, "ताई, तो तुमचा दिनदर्शिकेचा कागद जरा दाखवता का?"

आई आत बसली होती. ती उठली, भिंतीवरून कागद काढला आणि त्याच्या हातात दिला. मग त्याला सांगू लागली, लाल कशाचा आणि निळा कशाचा.

जय भीम!